तेवीस नंबरचं उत्तर

वास आधी आला. ट्रंकेचं झाकण भिंतीवर आपटल्याचा आवाज त्यानंतर.

मी मधल्या खोलीत पलंगावर पाय पसरून बसले होते. एका अंगाला अकरा दिवसांचं बाळ झोपलेलं, दुसऱ्या अंगाला आठवी ‘ब’च्या घटक चाचणीचे बेचाळीस पेपर. बाळंतपणासाठी पुण्याहून देवरुखला निघताना ते बॅगेत घातले होते. मोकळा वेळ मिळेल, तपासून पाठवून देऊ, असा हिशेब. बाळ पंधरा दिवस आधीच आलं आणि पेपर तसेच राहिले.

“आई, ट्रंक कशाला काढलीस?”

“उद्या बारसं आहे ना,” आई आतल्या खोलीतून म्हणाली. “तू तुझे पेपर तपास. डोळ्यांना ताण मात्र देऊ नको. बाळंतिणीने वाचू नये.”

“मग तपासू कशी?”

“न वाचता. आमचे मास्तर तसेच तपासायचे.”

मला हसू आलं. आई हल्ली अशी क्वचितच बोलायची. बाबा गेल्यापासून त्या घरात ती एकटीच होती. लोकांचे ब्लाउज शिवायची, संध्याकाळी देवळात जायची. मी आल्यापासून तिच्या अंगात वेगळाच उत्साह संचारला होता.

श्रावणातला पाऊस नऊ दिवस थांबला नव्हता. चिऱ्याच्या भिंतींना ओल आली होती, मीठ बरणीत पाणी सोडत होतं, बाळाची लंगोटं वाळायला विस्तवावर टोपली पालथी घालून तिच्यावर पसरावी लागत होती. अशा हवेत कपाटातल्या प्रत्येक गोष्टीवर बुरशी चढायची. आईच्या ट्रंकेत मात्र कधीच चढली नाही. दरवर्षी दसऱ्यानंतर ती वाण्याकडून डांबरगोळ्या आणायची आणि ट्रंकेतल्या प्रत्येक घडीत दोन-दोन खुपसायची. पुढच्या दसऱ्याला ट्रंक उघडली की गोळ्या नसायच्या. वास तेवढा असायचा.

लहानपणी मी शेजारी बसून विचारायचे, “आई, गोळ्या कोण खातं गं?”

“तुझा दादा खातो,” आई म्हणायची.

माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता, श्रीनिवास. पंधरा दिवसांचा होऊन गेला. कावीळ झाली, एवढंच घरात बोललं जायचं. आई ते वाक्य इतक्या सहज म्हणायची, की मला कितीतरी वर्षं खरंच वाटायचं की अंधाऱ्या ट्रंकेत एक बाळ बसलंय आणि गोळ्या चघळतंय.

आई बाहेर आली ती दोन्ही तळहातांवर काहीतरी धरून. देवाचा टाक आणावा तसं.

“ही बघ.”

कुंची होती. जांभळ्या शालूची, कपाळावर जरीचा काठ, मागे पाठीवर सोडायला लांब झालर, टोकाला मोत्यांचा गोंडा. तीन दशकांपूर्वीची, पण काल शिवल्यासारखी.

“माझ्या लग्नातल्या शालूची. पदर फाडून शिवली होती. तुझे बाबा रागावले होते, दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत लग्नाला आणि शालू फाडलास म्हणून.”

“श्रीनिवाससाठी?”

आईने होकारार्थी मान डोलावली. “तुला नाही घातली. मुलगी म्हणून नव्हे हं. हातच होईना तेव्हा.” मग बाळाकडे बघून म्हणाली, “आता होतोय.”

मी कुंची नाकाशी नेली आणि डोळ्यांत पाणीच आलं. “केवढा वास! धुवून घेऊया ना.”

“आणि जर काळी पडली म्हणजे? ऊन असतं तर चार तास उन्हाला टाकली असती. ऊन आहे का कुठे?” तिने दाराबाहेर बघितलं. “इस्त्री फिरवते. दमटपणा जाईल.”

तिने इस्त्री फिरवली. गरम कापडातून वास असा उसळला की मधल्या खोलीपर्यंत आला. बाळ झोपेत शिंकलं. मी दार लोटून घेतलं आणि पुन्हा पेपर ओढले.

प्रश्न चौथा, गुण तीन: ‘कपाटात ठेवलेली डांबरगोळी काही दिवसांनी नाहीशी का होते? कणांच्या आधारे स्पष्ट करा.’

हा धडा मी मन लावून शिकवते. स्थायू म्हणजे प्रार्थनेला रांगेत उभा वर्ग: प्रत्येक जण आपल्या जागी, फार तर चुळबुळ. द्रव म्हणजे मधल्या सुट्टीतला व्हरांडा, एकमेकांना धक्के देत सरकणारी गर्दी. वायू म्हणजे शाळा सुटल्यावर. कोण कुठे गेलं पत्ता नाही. आणि काही पदार्थ असे, की प्रार्थनेच्या रांगेतून थेट फाटकाबाहेर. मधली सुट्टी नाहीच. हे सांगितलं की मुलं हसतात आणि ‘संप्लवन’ हा शब्द त्यांच्या लक्षात राहतो.

बहुतेकांनी पाठ्यपुस्तकातलं लिहिलं होतं. स्थायूचे कण पृष्ठभागावरून सुटतात, थेट वायूत रूपांतर होते, यास संप्लवन म्हणतात. तिन्ही गुण. मग तेवीस नंबरचा पेपर आला. जूनमध्येच दुसऱ्या शाळेतून आलेली मुलगी. नाव मला पाठ झालं नव्हतं, हजेरीतला नंबर तेवढा. तिने लिहिलं होतं:

‘गोळी नाहीशी होत नाही. तिचे कण सुटे होतात. कपाट बंद असल्यामुळे ते बाहेर जाऊ शकत नाहीत. म्हणून ते कपड्यांत शिरून बसतात. गोळी लहान होते आणि कपडे गोळी होतात. ते कपडे घातले की ती आपल्या नाकातून आपल्यात येते. म्हणून आईला वास येतो.’

‘कपडे गोळी होतात’ या शब्दांखाली मी लाल रेघ मारली. ‘संप्लवन’ शब्दच नाही. एक गुण दिला, समासात लिहिलं, ‘पाठ्यपुस्तकातील उत्तर लिहावे,’ आणि पेपर पालथा घातला.

मला त्या दिवसांत सगळ्याची भीती वाटायची. बाळ झोपलं की नाकाखाली बोट धरून श्वास बघायचे. पाणी वीस मिनिटं उकळायचे. मालीश करणाऱ्या चंद्राबाईंना नखं दाखवायला लावायचे. त्या म्हणायच्या, “ताई, चाळीस वर्षांत अर्धं देवरुख ह्या हातांखालनं गेलं. तुम्ही पण!” मी कुणाला पापी घेऊ देत नव्हते, घुटी देऊ देत नव्हते. एक वही केली होती, किती वाजता प्यायला, किती वेळ झोपला. माझी सगळ्यावर नजर होती.

बारशाला बायका आल्या. चंद्राबाईंनी सकाळी बाळाला खोबरेल चोळचोळ चोळलं, अंग तुकतुकीत झालं, मग ओवा-उदाची धुरी. आईने ट्रंकेतल्या मऊ दुपट्यात त्याला गुंडाळलं, वर कुंची घातली. पाळण्यात ठेवलं तेव्हा जांभळ्या काठात त्याचं तोंड एवढंसं दिसत होतं.

“घरात आल्याबरोबर वास आला,” समोरच्या वैद्यकाकू म्हणाल्या. “डांबरगोळ्यांचा वास आला की मला लग्नघरात आल्यासारखं वाटतं बघ.”

नाव ठेवलं तन्मय. आईने कानात सांगायचं म्हणून पाळण्यात वाकून बराच वेळ काढला. वर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. वासानेच असतील, असं मला वाटलं.

“कुंची काढते आता,” मी म्हणाले.

“राहू दे गं. गार वारं आहे. त्याला आवडलीय बघ, कसा गप्प झोपलाय.”

खरंच गप्प होता. दुपारभर झोपला. मी वहीत लिहिलं, ‘तीन तास, उठला नाही.’ आणि मला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्राबाईंनी त्याला पायांवर घेतलं, तेलाचा हात छातीवरून फिरवला आणि मध्येच थांबल्या.

“ताई, जरा दिवा लावा बघू.”

“का?”

“लावा तर.”

मी दिवा लावला. त्यांनी अंगठ्याने बाळाच्या कपाळावर दाबलं आणि सोडलं. दाबलेली जागा पिवळी उमटली, पिकलेल्या पानासारखी.

“पहिल्या आठवड्यात होतं तसं होईल थोडं,” मी म्हणाले. “डॉक्टर म्हणाले होते, सगळ्याच बाळांना होतं.”

“ते उतरलं होतं, ताई. मी रोज बघते की. हे नवं हाय.”

आई स्वयंपाकघरातून आली. तिने बाळाकडे बघितलं, चंद्राबाईंकडे बघितलं. मग बाळ उचललं, अंगावरचं तेल तसंच ठेवून दुपट्यात घट्ट गुंडाळलं आणि वर कुंची बांधली.

“अंघोळ राहिली की,” चंद्राबाई म्हणाल्या.

“नको आज पाणी. हवा लागलीय त्याला.”

त्या दिवशी आईने दोनदा दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या चुलीत टाकल्या तेव्हा तडतडल्या नाहीत. ती म्हणाली, “बघ, केवढी लागलीय.” मी विज्ञानाची शिक्षिका, मोहऱ्या दमट आहेत म्हणून तडतडत नाहीत, हे मला माहीत होतं. तरी दुसऱ्या वेळी मीच बाळ तिच्यापुढे धरलं.

तो पीत नव्हता. दोन घोट घ्यायचा आणि तोंड सोडून झोपायचा. संध्याकाळी मी पुण्याला हृषीकेशला, माझ्या नवऱ्याला, फोन केला. “उद्या डॉक्टरकडे ने,” तो म्हणाला, “उगाच घाबरू नकोस, तू जरा जास्तच बघत असतेस.” ते खरं होतं. मी फोन ठेवला.

आई त्याला मांडीवर घेऊन दाराशी बसली होती. बोटांवर काहीतरी मोजत होती.

“काय मोजतेस?”

“काही नाही. आज तेरावा ना?”

“हो.”

“उद्या चौदावा.” मग तिने पदर तोंडाला लावला. “काही नाही गं. उगीच.”

चौदाव्या दिवशी सकाळी मी लंगोट बदलायला घेतलं. पांढऱ्या कापडावर डाग होता. शी नव्हती. कोऱ्या चहाच्या रंगाचा, मध्ये काळपट, कडेला तांबूस, पसरलेला डाग. मी तो उजेडाकडे धरला.

“आई, हे बघ. हे काय आहे?”

आई बघायला आली आणि उभीच्या उभी खाली बसली. भिंतीला टेकून सुद्धा नाही. जमिनीवर, मध्येच.

“आई?”

“असंच,” ती म्हणाली. “असंच झालं होतं त्याचं.”

“कुणाचं?”

“मला वाटलं, चहा सांडला. सासूबाईंना म्हणाले, लंगोटावर चहा कुणी सांडला? त्या म्हणाल्या, उष्णता आहे. दुसऱ्या दिवशी...” तिने हात हवेत उघडला, काहीतरी सोडून द्यावं तसा.

मी रिक्षा बोलवायला शेजारी ओरडले. आईने तेवढ्यात त्याला पुन्हा गुंडाळलं. एक दुपटं, त्यावर दुसरं, त्यावर कुंची. रिक्षात पाऊस आत येत होता, तर तिने कुंचीची झालर त्याच्या तोंडावरून घेतली. मी ती बाजूला केली. तिने परत घेतली. गावातल्या डॉक्टरांनी एक नजर टाकून चिठ्ठी लिहिली आणि त्यांच्या ओळखीची गाडी करून दिली. “रत्नागिरी. मध्ये कुठे थांबू नका.” सव्वा तास लागला. सव्वा तास मी त्याच्या नाकाखाली बोट धरून होते आणि आई माझ्याकडे बघत होती, आहे ना, आहे ना, असं न बोलता विचारत.

रत्नागिरीच्या त्या मुलांच्या हॉस्पिटलात डॉक्टर बाई होत्या, साठ्ये नावाच्या. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी त्याचे सगळे कपडे काढले, निळ्या दिव्याखाली ठेवलं, टाचेतून रक्त घेतलं. दिव्याखाली तो पिवळा दिसत नव्हता, राखाडी दिसत होता. कपड्यांचं गाठोडं नर्सने माझ्या हातात दिलं आणि मला बाहेर काढलं.

तासाभराने डॉक्टरांनी मला आत बोलावलं. आई बाहेर बाकावरच राहिली.

“तुमचं शिक्षण?”

“एम.एस्सी. केमिस्ट्री.”

“मग सरळ सांगते. त्याच्या तांबड्या पेशी फुटतायत. भराभर. ते सगळं लघवीत उतरतंय आणि कावीळ मेंदूपर्यंत जायची भीती आहे. रक्त बदलावं लागेल. ते आम्ही करू. पण पेशी कशामुळे फुटतायत ते कळायला हवं, नाहीतर नवं रक्त घालू तेही फुटेल. पोटात काय गेलंय त्याच्या?”

“काही नाही. फक्त माझं दूध.”

“घुटी? मध? झाडपाल्याचं काही?”

“नाही. मी देऊच दिलं नाही.”

“तुम्ही काही गोळ्या घेतल्यात? मलेरियाच्या, सल्फाच्या?”

“नाही.”

“आठवा. काहीतरी आत गेलंय. दोन-तीन दिवसांत गेलंय. घरातले लोक कधी कधी आईला न सांगता देतात.”

मी बाहेर आले. “आई, तू त्याला काही चाटवलंस? खरं सांग.”

“तुझी शप्पथ नाही.”

“चंद्राबाईंनी?”

“त्यांच्या हातात मी देते का एकटीच्या?”

मी बाकावर बसले. गाठोडं मांडीवर. दाराच्या काचेतून निळा उजेड दिसत होता, बाळ दिसत नव्हतं. सगळं आठवून बघितलं, वहीतल्या ओळी एकेक. पाणी उकळलेलं. नखं कापलेली. काहीच शिरायला जागा नव्हती. शेवटी मी कुंची उचलून तोंडाला लावली. त्याचा वास यावा म्हणून, डोक्याचा, दुधाचा. दुधाचा वास नव्हता. कुंचीचा आतला भाग तेलाने ओलसर होता आणि त्यातून तोच एक वास आला, नाकातून कपाळापर्यंत, आणि डोळ्यांना पाणी सुटलं.

मला ती लाल रेघ आठवली. माझ्याच हातची.

“तेवीस नंबर,” मी म्हणाले.

“काय?” आई म्हणाली.

“तेवीस नंबरच्या पोरीने लिहिलं होतं, आई. पेपरात लिहिलं होतं तिने.”

मी दार ढकलून आत गेले. नर्स अंगावर आली. “डॉक्टर, पोटातून नाही. नाकातून. कातडीतून.” मी कुंची पुढे केली. “डांबरगोळी.”

डॉक्टर लिहीत होत्या, त्यांचा हात थांबला. त्यांनी कुंची घेतली, हुंगली, आणि पहिल्यांदा खुर्चीवर मागे टेकल्या.

“किती दिवस घातली?”

“तीन.”

“मालीश करून?”

“हो. खोबरेल.”

“तेलात ती विरघळते. कोरड्या अंगावर एवढं गेलं नसतं.” त्या भराभर बोलायला लागल्या, अर्धं मला, अर्धं नर्सला. “जी-सिक्स-पीडी पाठवा. काही मुलांच्या तांबड्या पेशींत हे एक द्रव्य जन्मतः कमी असतं. एरवी कळतही नाही. आयुष्यभर कळत नाही. ही वाफ त्यांच्या अंगात गेली की पेशी टिकत नाहीत. आईकडून येतं ते, मुलग्यांत दिसतं.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “तुमच्या आईच्या पोटचा कुणी मुलगा लहानपणी गेलाय का?”

मी दाराकडे बघितलं. ते मी ढकलताना पूर्ण लागलं नव्हतं. फटीतून आईची चप्पल दिसत होती.

“माझा मोठा भाऊ,” मी हळू म्हणाले. “पंधराव्या दिवशी.”

डॉक्टरांनी कुंची मला परत दिली. लग्नापासून ट्रंकेत ठेवलेला शालू, त्याचा फाडलेला पदर, मालीश केलेलं अंग.

मी बाहेर आले तेव्हा आई बाकावर होती, मघाच्याच जागी, हात मांडीवर.

“काय म्हणाल्या?”

“रक्तात जन्मतः एक दोष आहे. त्यामुळे होतंय. रक्त बदलणार आहेत.”

“कुणाकडून आला दोष?”

“माझ्याकडून.”

तिने माझ्या हातातल्या कुंचीकडे हात केला. “दे. त्याच्या पायांवर तरी घालायला सांग. उघडा ठेवलाय.”

“नको.”

“का?”

“घरचे कपडे आत चालत नाहीत. इथला नियम आहे.”

त्याच वेळी एक बाई तिचं बाळ घेऊन आमच्या समोरून गेली. बाळाच्या डोक्याला लोकरीचं टोपडं होतं, हाताने विणलेलं, कानाशी लाल फूल. आई ते टोपडं वळणापर्यंत बघत राहिली. मी प्लॅस्टिकच्या पिशवीत कुंची आणि दुपटी कोंबली, पिशवीला दोन गाठी मारल्या.

हृषीकेश दुपारी पोचला. रक्त मिळालं. ते किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. एका नळीतून थोडं काढायचे, तेवढंच घालायचे, पुन्हा काढायचे. पंधरावा दिवस उजाडला तेव्हा आई काचेला कपाळ लावून उभी होती. सूर्य वर आला, नर्सांची पाळी बदलली, चहा आला, गेला. दुपारी त्याने डोळे उघडले आणि रडला. पहिल्यांदा एवढ्या जोरात. आई तशीच वळली आणि म्हणाली, “मी घरी जाऊन येते. तुझे कपडे आणायचे आहेत.”

“हृषीकेश आणेल.”

“त्याला काय सापडणार? मी जाते.”

जाताना तिने ती दोन गाठींची पिशवी उचलली. मी ती नेऊ दिली. परत आली ती तिसऱ्या दिवशी, माझे गाऊन आणि बाळासाठी नवी झबली घेऊन. बाजारातली, लेबलं तशीच. त्या झबल्यांना पाण्याचा, साबणाचा आणि उन्हाचा वास होता. तिने ती धुऊन आणली होती.

“ऊन पडलं का देवरुखला?” मी विचारलं.

“पडलं.”

हॉस्पिटलातल्या बाराव्या दिवशी आम्हाला सोडलं. काय काय टाळायचं याचा कागद हातात होता. त्याची एक प्रत आजही त्याच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात असते. तन्मय आता दुसरीत आहे. मी अजून कुणाच्याही घरी गेले की दारातच थांबून एकदा श्वास घेते. लग्नांतून उठून आलेय मी. लोक मला विचित्र म्हणतात, म्हणू देत.

पण मला सांगायचंय ते आम्ही देवरुखला परतलो त्या दिवसाचं.

गाडी फाटकाशी थांबली तेव्हा अंगणात ट्रंक उघडी पडली होती, आत काही नाही, तळ घासून पांढरा केलेला. दोरीवर काही नव्हतं. अंगणाच्या कोपऱ्यात, आई पालापाचोळा जाळायची त्या खड्ड्यात, राख होती आणि राखेत जरीची एक काळी, गुंडाळलेली तार. मी ती बघितली, आणि मी बघितली हे आईनेही बघितलं.

बाळाला पलंगावर ठेवलं. उशाशी माझे पेपर होते. मी अर्धवट, विखुरलेले टाकून गेले होते. आता ते एकावर एक लावलेले, दोऱ्याने बांधलेले होते, नंबराप्रमाणे. एक सोडून. तेवीस नंबरचा सगळ्यात वर होता आणि चौथ्या प्रश्नाच्या पानावर उघडा. पानाचा कोपरा मऊ झाला होता, पुन्हा पुन्हा धरल्यासारखा.

आई उंबऱ्यावर बसली होती. पाठमोरी.

“शलाका.”

“काय गं?”

“लहानपणी तू विचारायचीस, गोळ्या कोण खातं म्हणून. आठवतं?”

“नाही,” मी म्हणाले. “नाही आठवत.”

“मला आठवतं.”

बाहेर कावळा ओरडत होता. तिने पदराने उंबऱ्यावरची माती पुसली, तिथे नव्हती तरी. तीस वर्षं ती दर दसऱ्याला, प्रत्येक घडीत दोन-दोन. मला उठून तिच्याजवळ जायचं होतं, पण मी बाळाच्या छातीवर हात ठेवून बसून राहिले. छाती वर होत होती, खाली होत होती.

“उद्या पेपर पाठवायचे असतील ना तुझ्या शाळेत?” आईने विचारलं.

“हो.”

“मग त्या पोरीला पुरे मार्क दे.”

मी लाल पेन शोधलं.